श्रावणातला हुरडा

फ्रीजरातला बर्फ काढायचाय, असं विजयमाला शिमग्यापासून म्हणत होती. शिमगा गेला, पाडवा गेला, आखाड आला तरी बर्फ जिथल्या तिथे. आधी बोटभर होता, मग दोन बोटं झाला आणि श्रावण लागेपर्यंत चारी भिंतींना चांगला चार बोटं थर बसला. झाकण नीट टेकेना आणि मोटर दिवसरात्र घरघरत राहिली. पण आत हुरडा भरलेला, तो काढून ठेवायचा कुठे, या एका सबबीवर बाईने पाच महिने काढले. कंटाळाच करायचा असला की माणसाला एक सबब पुष्कळ होते.

फ्रीजर तिच्या सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या घरात, सोप्यात होता. वर उचलायच्या झाकणाचा, पेटीसारखा, एका आईस्क्रीमवाल्याकडून जुना घेतलेला. पौष-माघात गूळभेंडी जोंधळ्याची कोवळी कणसं आणायची, आगटीत भाजायची, चोळून दाणे काढायचे, ते पूर्ण निवू द्यायचे आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीजरात रचायच्या, हा तिचा चार वर्षांचा उद्योग. हंगाम सरला की सोलापुरातून मागणी यायची. नवरा अभिमन्यू ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी ती आणि सासू बाळाबाई. धंदा तिने एकटीने उभा केला होता आणि त्याचा तिला तोरा होता. तो असायला हरकतही नव्हती.

एकटीने म्हणायचं, पण गिऱ्हाईक सगळं गुरम्माने जोडून दिलेलं. गुरम्मा दोन गल्ल्या पलीकडची, लिंगायताची, वयाने पंधरा वर्षांनी मोठी. विजयमाला तिला अक्का म्हणायची आणि ती विजयमालाला तंगी, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. फ्रीजर घरी आला त्या दिवशी गुरम्माने त्याच्या झाकणावर हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "तंगी, तुमचं घर धनगराचं. तुमी काय खाता त्याला माजी ना न्हाय. पन आमच्या लोकांना हुरडा द्यायचा तर ह्यात मटण, अंडं कायबी जायचं न्हाय. जमंल?" विजयमालाने जमवलं. एकदा अभिमन्यूने अंड्यांचा ट्रे नुसता झाकणावर ठेवला होता, तर तिने दोन दिवस त्याला धड जेवायला वाढलं नव्हतं. गुरम्माने मग सोलापुरात, अक्कलकोटात आपल्या सगळ्या सोयऱ्यांना सांगितलं, हुरडा बिनघोर घ्या, मी जामीन आहे. कोणी कधी फ्रीजर बघायला आलं नाही. गुरम्माचा शब्द पुरत होता.

त्यातच गुरम्माची लेक उत्कर्षा लग्नानंतर सहा वर्षांनी गरोदर राहिली. तिला अक्कलकोटात दिलेली. सातवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते हुरड्याचे. शेतात जोंधळा पेरायलाही अजून दोन महिने अवकाश, आणि हिला हुरडा पाहिजे. एक दिवसाआड तिचा फोन यायचा. "काकू, माजा हुरडा ठिवलाय न्हवं? दुसऱ्या कुनाला देऊ नगासा." श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी माहेरी डोहाळेजेवण ठरलं आणि गुरम्माने चाळीस पिशव्या सांगून ठेवल्या. पन्नास बायका येणार होत्या.

शुक्रवारी सकाळी विजयमालाने झाकण उचललं तर वरच्या पिशव्या बोटाने दाबल्या जात होत्या. झाकण टेकत नव्हतं त्याचा हा परिणाम. रविवारपर्यंत वरची रांग आंबली असती. आजच बर्फ काढायचा, असं तिने ठरवलं.

सुरुवात तिने शहाण्यासारखी केली. पिशव्या प्लास्टिकच्या चार क्रेटांत एकाला एक खेटून भरल्या. बाळाबाईने आतून दोन काळी घोंगडी आणली आणि क्रेट त्यांत गुंडाळले. "मेंढरामागं ऊनातानात हिंडलो आमी ह्येच पांघरून," ती म्हणाली. "घोंगडं ऊबच राखतं असं न्हाय, गारवाबी राखतं. दुपारपातूर तुज्या हुरड्याला काय हुत न्हाय." विजयमालाने प्लग काढला, तळाशी पाणी जायचं भोक असतं त्याचं बूच काढलं, खाली परात लावली आणि गरम पाण्याचं पातेलं फ्रीजरात ठेवून झाकण उघडं टाकलं. आता एकच काम उरलं होतं, वाट बघायचं. तिला तेवढंच कधी जमत नाही.

तासाभरात दोन-चार ठिकाणी पाणी सुटलं, बाकी बर्फ तसाच. ती दर पाच मिनिटांनी घोंगड्यात हात घालून पिशव्या चाचपायची आणि फ्रीजरात डोकवायची. शेवटी स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीचं उलथनं घेऊन आली.

"लोखंड लावू नगं गं," बाळाबाई म्हणाली.

"निस्तं कडंनी सोडवते, आत्ती."

पहिल्या तडाख्याला ताटाएवढी लादी सुटली. दुसरी सुटली, तिसरीही सुटली आणि विजयमालाला हुरूप आला. हे आधीच का नाही केलं असंही तिला वाटलं. चौथ्या वेळेला तिने उलथनं भिंतीला तिरकं घालून दणका दिला आणि आतून बारीक फुस्स आवाज यायला लागला. उलथन्याच्या टोकाला तेलकट काहीतरी लागलं होतं. तिने त्या भोकावर अंगठा दाबून धरला. बोटाखालून गार वारा येतच राहिला आणि मग तो थांबला. तिला काय झालं ते कळलं होतं, तरी अंगठा तिने बराच वेळ काढला नाही.

नाक्यावरचा अमृत फ्रिजदुरुस्तीवाला तासाभरात आला. त्याने वाकून पाहिलं आणि टॉर्च बंद केला.

"वैनी, ह्याच्या भिंतीतच पाइप असत्यात. पत्र्याला लागूनच. तुमी पाइप फोडली. गॅस गेला सगळा."

"भर की मग गॅस."

"भरून ऱ्हायचा कुटं? पत्रा कापावा लागतोय, नवी पाइप बसवावी लागतीय. आठ दिस तर धराच. बर्फ आपल्या हातानं सुटंस्तवर थांबायचं असतंय वैनी, लोखंड लावायचं नसतंय."

हे तिला सासूनेही सांगितलं होतं आणि स्वतःलाही ठाऊक होतं. अमृत गेल्यावर तिने चौकातल्या आईस्क्रीमवाल्याला विचारलं, त्याच्याकडे सणाचा माल ठासून भरलेला. घरच्या फ्रिजात एरवी अंडी-मटण असायचं, त्याचा प्रश्नच नव्हता. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणता आली असती, पण लादीने हुरडा गार राहतो, गोठलेला राहत नाही, आणि एकदा सुटलेला हुरडा दुसऱ्या दिवशी आंबूस होतो. तीन वाजले होते. घोंगड्यातल्या कडेच्या पिशव्या नरम पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात सिदू आला. सिदू तिचा धाकटा दीर. रस्त्यावर त्याचं मटणाचं दुकान, आणि दुकानामागे असाच पेटीचा फ्रीजर. श्रावणात गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो दुपारी मोकळाच हिंडत असायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग एवडं त्वांड पाडून का बसलाय वैनी? माजा फ्रीजर रिकामाच हाय की. तळाला चार पिशव्या मटण हाय, त्ये एका कोपऱ्यात सारतो. बाकी सगळा धुऊन देतो."

"नगं भावजी. त्ये जमायचं न्हाय."

"का?"

"गुरम्माक्काला शबूद दिलाय."

सिदूचा चेहरा उतरला. तो चांगल्या मनाने मदतीला आला होता. "आमचं मटण म्हंजे काय इख हाय का? तुमीबी खाता की. आखाडात माज्याच दुकानातलं न्हेलं तुमी."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त झोंबलं. बाळाबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सरळ जा आन् गुरम्माला सांग, फ्रीजर मोडला, हुरडा नासला. मानूस समजून घेतंय."

सांगायला हे सोपं होतं. पण विजयमालाच्या कानात उत्कर्षाचा फोन होता. सहा वर्षांनी पोर गरोदर राहिली आहे, तिने एकच गोष्ट मागितली आहे, आणि ती आपल्या आळसाने आणि आपल्या उलथन्याने गेली, हे त्या पोरीच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि नुसतं तेवढंच असतं तर ती बरी म्हणायची. हिला फ्रीजर सांभाळता येत नाही अशी चार घरांत बोलवा होईल, याचीही तिला भीती होती. यातली कुठली भीती मोठी, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शेवटी ती सिदूला हो म्हणाली. साडेतीनला सिदूने आपला फ्रीजर सोडा लावून धुतला, कोरड्या फडक्याने पुसला. मटणाच्या पिशव्या दुहेरी प्लास्टिकात गुंडाळून एका कोपऱ्यात सारल्या आणि मधे लाकडाची फळी घातली. एवढं त्याने कुणी न सांगता केलं. विजयमालाने चाळीसच्या चाळीस पिशव्या दुसऱ्या बाजूला रचल्या आणि झाकण लावलं. कुठे काही लागलं नव्हतं. वास म्हणाल तर नुसत्या सोड्याचा येत होता.

शनिवारी ती गुरम्माकडे गेली, ती सांगायचंच असं ठरवून. गुरम्मा ओसरीवर हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, खपली गहू निवडत बसली होती. तिने चहा दिला. ती खूश होती, आणि खूश असली की तिला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"उद्या निंगव्वा येतीय बग. उत्कर्षाची आजेसासू. ती कुनाकडं पानी पीत न्हाय. लेकाच्या घरीसुदिक सोताचा तांब्या येगळा ठिवती. मला फोनवर म्हनली, हुरडा कुनाचा हाय? मी म्हनलं, माज्या तंगीचा हाय, ह्या जिभेवर इश्वास ठिव आन् ये. तवा कबूल झाली."

विजयमालाने चहा संपवला. कपाच्या तळाशी राहिलेला गाळही प्याली. मग गॅसवर काहीतरी ठेवून आलेय असं सांगून उठली. घरी येऊन तिने उगीच सगळी भांडी परत घासली. रात्रभर तिला एकच वाटत राहिलं की आपण चोर आहोत, आणि चोरी केलीय ती ज्या बाईने आपल्याला उभं केलं तिच्याच घरात.

रविवारी सकाळी नऊला ती रिक्षात क्रेट घालून गुरम्माच्या मागच्या दाराने आत गेली. परसात चुलीवर मोठं पातेलं होतं आणि गुरम्मा हुग्गी ढवळत होती. अजून कोणी आलं नव्हतं. विजयमालाने क्रेट खाली ठेवले आणि श्वाससुद्धा न घेता बोलून टाकलं.

"अक्का, माजा फ्रीजर शुक्रवारी मोडला. ह्यो हुरडा दोन दिस सिदूभावजीच्या फ्रीजरात हुता."

गुरम्माचा हात थांबला. "मटणाच्या?"

"व्हय. त्यानं धुतला हुता. मटण एका कोपऱ्यात, गुंडाळून. मधी फळी घातलीती. कुटं लागलं न्हाय. पन हुता त्यातच."

"शुक्रवारपासनं."

"व्हय."

"काल माज्याकडं आलतीस. च्या पिलीस."

"व्हय."

हुग्गी तळाला लागायला लागली तशी गुरम्माने पुन्हा ढवळायला घेतलं. ती चिडेल, क्रेट अंगणात भिरकावेल, रडेल, या सगळ्याची विजयमालाने रात्रभर तयारी केली होती. गुरम्माने फक्त विचारलं, "अजून कुनाला म्हाईत हाय?"

"आत्तीला आन् भावजीला."

"मग मला कशाला सांगितलंस?"

खरं सांगितलं की आपण मोकळे होतो, एवढंच विजयमालाच्या डोक्यात होतं. आपल्या अंगावरून उतरलेलं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नासला म्हनली असतीस तर मी लेकीची समजूत घातली असती," गुरम्मा पातेल्याकडे बघत म्हणाली. "गप बसली असतीस तर मला कळलं नसतं. तू दोनीबी केलं न्हाईस, तंगी."

"टाकून देते. आत्ता माघारी न्हेते, अक्का."

ती क्रेट उचलायला वाकली तोच उत्कर्षा मागच्या दारात आली. हिरवी साडी, कानांत फुलांचे झुबे, चालणं जड झालेलं. क्रेट दिसल्यावर तिचं तोंड लहान पोरीसारखं फुललं. "काकू, आनलासा व्हय," म्हणत ती खाली बसली, एक पिशवी दाताने फोडली आणि गार कडक दाणे तसेच तोंडात टाकले. डोळे मिटून ती चावत राहिली. दोघी बघत होत्या. कुणीच तिचा हात धरला नाही. उत्कर्षाने दुसरी मूठ भरली तेव्हा गुरम्माने हुग्गीचं पातेलं उतरवलं आणि चुलीवर हुरड्यासाठी तवा ठेवला.

बारापर्यंत घर बायकांनी भरलं. उत्कर्षाला पाटावर बसवलं, ओवाळलं, पुढे ताट मांडलं. ताटात शेंगाचटणी, गूळ, दही आणि मधोमध वाफाळता हुरडा. निंगव्वा भिंतीला टेकून बसली होती, कृश, पांढऱ्याशुभ्र लुगड्यातली, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. तिच्यापुढेही ताट आलं. तिने हुरड्याकडे बोट केलं.

"ह्यो कुनाच्या घरचा?"

"माज्या तंगीच्या. विजयमालाच्या," गुरम्मा म्हणाली.

"धनगराची न्हवं ती?"

"व्हय. पन हुरड्याचा फ्रीजर येगळा हाय. त्यात दुसरं कायबी जात न्हाय."

"तू बगितलंयस?"

"मी बगितलंय."

विजयमाला दाराशी उभी होती. तिचं तोंड उघडलं, शब्द अगदी ओठांवर आला, आणि त्याच वेळी गुरम्माने तिच्याकडे पाहिलं. एकदाच. विजयमालाने तोंड मिटलं. आता ती बोलली असती तर पन्नास बायकांसमोर, लेकीच्या सासरच्यांसमोर, खोटी पडणार होती ती गुरम्मा. सकाळी जे खरं तिने एका दमात सांगून टाकलं होतं, ते आता तिला जन्मात कुणाला सांगता येणार नव्हतं.

"मग तू आदी घे," निंगव्वा म्हणाली. तिच्या मनात संशय नव्हता. पोरीच्या आईने आधी घास घ्यावा असं तिला वाटलं, एवढंच.

ज्या हॉटेलात दोन्ही प्रकारचं शिजतं तिथला चहासुद्धा गुरम्मा आयुष्यात प्यायली नव्हती. तिने ताटातला हुरडा मुठीत घेतला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. पुरता गिळला. मग निंगव्वाने आपला सुरकुतलेला तळहात पुढे केला आणि गुरम्माने त्यावर हुरडा वाढला. तिथून पुढे बायका हसत बोलत जेवल्या आणि हुरडा फार गोड आहे असं सगळ्या म्हणाल्या. उत्कर्षाने तीनदा मागून घेतला.

निघताना विजयमालाने रिकामे क्रेट उचलले. गुरम्मा मागच्या दारापर्यंत आली. तिने हुग्गीचा डबा भरून दिला, बाळाबाईची चौकशी केली, सगळं रीतीला धरून. मग म्हणाली, "पुडच्या सालापासनं हुरडा मी दुसरीकडनं घेईन, तंगी. आमच्या लोकांनाबी तसंच सांगन. तुजं नाव खराब करनार न्हाय, काळजी करू नगं."

"इश्वास उडाला व्हय अक्का माज्यावरला?"

"न्हाय गं. इश्वास हाय म्हनून तर. दरसाली मी तुला इचारनार आन् तू मला खरंच सांगनार, मग त्ये झाकायचं वझं माज्यावर." गुरम्माचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "आज लेकीसाटी खोटं बोलले. परत मला न्हाय जमायचं."

विजयमालाने क्रेट कमरेला लावले. आतून ओटीसाठी हाक आली तशी गुरम्मा वळली, आणि ये गं परत असं न म्हणताच आत गेली.